लॅपटॉपचे तीन विकार

परीक्षेचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस असावा, आणि देवास जिल्ह्यातील बागलीसारख्या तहसिलीच्या गावी एखाद्या विद्यार्थ्याने लॅपटॉप उघडताच संकेतस्थळाने ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असे सांगून दार लावून घ्यावे! वीज आहे, इंटरनेट आहे. मग दोष कोठे? अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातील तारखेकडे पाहणारे थोडेच. ती कित्येक वर्षे मागे गेलेली असू शकते. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि यंत्राची तारीख त्या मुदतीबाहेर पडली की यंत्र ते प्रमाणपत्र नाकारते. तारीख दुरुस्त केली म्हणजे अर्ज भरता येतो; पण ती मागे का गेली, हा प्रश्न उरतोच.

लॅपटॉपमधील घड्याळ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या स्फटिकावर चालते. यंत्र बंद असतानाही ते चालू राहावे म्हणून पुष्कळ लॅपटॉपांत बटणाएवढा ३ व्होल्टचा सेल असतो; काही नव्या यंत्रांत तो नसतो व मुख्य बॅटरीच घड्याळाला पोसते. यंत्र बंद ठेवल्यावर वेळ वारंवार मागे पडत असेल तर या सेलाचा किंवा बॅटरीचा संशय घ्यावा. परंतु चूक नेमकी साडेपाच तासांची असेल तर सेल बिचारा निर्दोष असतो. यंत्र ग्रीनिचची वेळ दाखवीत असते. टाइम झोन बदलला की झाले. प्राचीन ज्योतिषी ज्या उज्जैनपासून रेखांश मोजीत, ते बागलीपासून फार दूर नाही. तथापि सूर्याकडे पाहून घड्याळ लावू नये. भारतीय प्रमाणवेळ ८२॥ अंश पूर्व रेखांशाची असल्यामुळे बागलीचा मध्यान्ह सरासरीने सुमारे २५ मिनिटे उशिरा होतो.

बॅटरीची गोष्ट निराळी. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली. सुमारे ३०० ते ५०० पूर्ण आवर्तनांनंतर तिची क्षमता ८० टक्क्यांवर येणे हे वार्धक्य होय, रोग नव्हे. माळव्यात मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. त्या उष्णतेत बंद मोटारीत ठेवलेली भरलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. चार्ज होत नसेल तर आधी भिंतीवरील सॉकेट, मग चार्जर व त्याची पिन तपासावी. तळ किंवा टचपॅड वर उचलले गेले असेल तर मात्र बॅटरी फुगली आहे; यंत्र तत्काळ बंद करावे, चार्ज करू नये व बॅटरी टोचू तर मुळीच नये.

पडदा काळा पडला की लोक सर्वांत अधिक घाबरतात, आणि महागडी दुरुस्ती स्वीकारतात ती येथेच. प्रथम चार्जर काढून चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, मग यंत्र पुन्हा सुरू करावे. तेवढ्याने न भागल्यास अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तिरकस टॉर्च धरावी. पुसट चित्र दिसले तर केवळ मागचा प्रकाश गेला आहे. झाकण हलविताना चित्र येत-जात असेल तर बिजागरीजवळील केबलकडे बोट जाते. शेवटी घरातील टीव्हीला एच.डी.एम.आय. केबल जोडून पाहावी. तेथे चित्र उमटले तर बहुधा दोष पडद्याचा किंवा त्याच्या केबलचा असतो. आतील कागदपत्रे शाबूत असतात, आणि दुरुस्तीच्या दुकानात जाण्याआधी ती पेनड्राइव्हवर उतरवून घेता येतात. अर्जही त्याच टीव्हीवर पाहून भरता येतो.