नळाचे पाणी, क्लोरीन आणि कुंडीतले झाड

चाळीच्या गॅलरीत, झोपडीच्या दारात, इमारतीच्या गच्चीवर आज आपल्या भगिनींनी छोटीछोटी बाग फुलविली आहे. तेलाच्या रिकाम्या डब्यात कढीपत्ता, फुटक्या बादलीत मोगरा, रंगाच्या डब्यात मिरची. जागा हातभर, पण हौस मोठी ! या बागेला पाणी मात्र नळाचेच, आणि त्या पाण्याला कधीकधी औषधाचा उग्र वास येतो. पान पिवळे पडले, टोक करपले की संशय या वासावरच जातो. "पाण्यात पावडर फार टाकतात, त्यानेच झाड मेले," असे आम्ही वस्तीत काम करताना पुष्कळदा ऐकतो. कुठे तर टाकीत पावडर टाकणेच बंद करा, अशी मागणीही निघते. झाडापायी माणसांच्या आरोग्याशी खेळ होऊ नये, म्हणून या प्रश्नाचा शास्त्रीय विचार करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

पावडर कशासाठी ?

पटकी, विषमज्वर, अतिसार, कावीळ हे रोग दूषित पाण्यातून पसरतात. यांतील बहुतेक जंतूंना मारण्याचे स्वस्त आणि खात्रीचे साधन म्हणजे क्लोरीन. इंग्लंडमधील मेडस्टन गावी १८९७ साली विषमज्वराची मोठी साथ आली, तेव्हा पाण्याच्या नळवाहिन्या ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक करण्यात आल्या. १९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटी शहराच्या पाण्यात कायमस्वरूपी क्लोरीन मिसळण्यास सुरुवात झाली आणि पुढे जगभर हीच पद्धत रूढ झाली. आपल्या गावच्या विहिरीत आणि टाकीत पडणारी टी.सी.एल. पावडर ही त्याच जातीची.

नळवाहिनी फुटली, शेजारून गटार वाहत असले, तर वाटेत शिरणाऱ्या घाणीचा बंदोबस्त व्हावा म्हणून नळाच्या तोटीपर्यंत थोडा क्लोरीन शिल्लक राहावा लागतो. भारतीय मानकाप्रमाणे हे प्रमाण लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवे, आणि १ मिलिग्रॅमपर्यंत ते चालते. आम्ही कारकुनी करणारे, आम्हांला हिशेबाची सवय. हजार लिटरच्या टाकीत ०.२ मिलिग्रॅमच्या हिशेबाने क्लोरीन भरतो अवघा ०.२ ग्रॅम. चिमटीतल्या मिठाएवढाही नाही !

झाडावर परिणाम किती ?

एवढ्याशा क्लोरीनने कुंडीतले झाड सहसा मरत नाही. पाणी मातीत पडले की क्लोरीन तेथील कुजलेल्या पाल्याशी, शेणखताशी संयोग पावतो आणि वरच्या थरातच संपून जातो. मातीतल्या उपयोगी जिवाणूंपैकी काही मरतात, पण खालच्या थरातले शाबूत असतात आणि त्यांची संख्या लवकरच भरून येते. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी रोपवाटिकेतील झाडांवर वरून क्लोरीनचे पाणी फवारून पाहिले. लिटरला सुमारे २.५ मिलिग्रॅमच्या पुढे गेल्यावर पानांवर इजा दिसू लागली. आपल्या नळाचे प्रमाण सहसा याच्या बरेच खाली असते.

दुसरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. क्लोरीन वेगळा आणि क्लोराइड वेगळे. क्लोराइड हा मिठातला घटक. तो अत्यल्प प्रमाणात झाडाला हवाच असतो, हे १९५४ साली सिद्ध झाले आहे. पण तो आणि इतर क्षार साचले की पानांची टोके करपतात. बोअरिंगच्या खाऱ्या पाण्याने हे घडते. कुंडीच्या कडेला पांढरी खपली धरली तर दोष क्षारांचा समजावा. पान पिवळे पडण्याची नेहमीची कारणेही घरचीच असतात : डब्याच्या बुडाला भोक नसणे, रोज बदाबदा पाणी ओतणे, ऊन न मिळणे आणि वर्षानुवर्षे तीच माती. आधी ही कारणे तपासावीत.

काळजी कुठे घ्यावी ?

काही ठिकाणी मात्र क्लोरीन काढलेले पाणीच वापरावे. जीवामृत करताना, अझोटोबॅक्टर किंवा रायझोबियमसारखे जिवाणूंचे खत कालवताना, गांडूळखताच्या खड्ड्यावर पाणी शिंपडताना. येथे जिवाणू आणि गांडुळे हेच आपले कामगार. त्यांच्या अंगावर जंतुनाशक ओतणे शहाणपणाचे नाही. माशांच्या भांड्यातही असे पाणी थेट घालू नये, क्लोरीनने माशांचे कल्ले भाजतात. टाकीत नुकतीच पावडर पडली असेल आणि वास उग्र असेल, तर ते पाणी कोवळ्या रोपांवर लगेच शिंपडू नये.

काढण्याचे सोपे उपाय

पहिला उपाय बिनखर्चाचा. रुंद तोंडाच्या बादलीत पाणी भरून एक दिवस तसेच ठेवावे. क्लोरीन हवेत उडून जातो. अरुंद तोंडाच्या हंड्यात वेळ जास्त लागतो. दुसरा उपाय उन्हाचा. बादली उन्हात ठेवली तर काही तासांतच काम होते, कारण सूर्यप्रकाशाने क्लोरीनचे विघटन होते. एका बादलीतून दुसरीत चार-सहा वेळा उंचावरून पाणी ओतले तरी वेग वाढतो.

तिसरा उपाय क जीवनसत्त्वाचा. एक भाग क्लोरीनला सुमारे अडीच भाग क जीवनसत्त्व लागते. म्हणजे ५०० मिलिग्रॅमची एक गोळी सुमारे २०० मिलिग्रॅम क्लोरीन मारते. लिटरला अर्धा मिलिग्रॅम धरला तर हे झाले चारशे लिटर पाणी ! पंधरा लिटरच्या बादलीला गोळीचा बारीकसा कणच पुरे. पण ज्याला घाई आहे त्यानेच हा खर्च करावा. पाणी उकळूनही क्लोरीन जातो. मात्र झाडासाठी गॅस जाळणे गरिबाला परवडणारे नाही.

आर.ओ. यंत्रातून वाया जाणारे पाणी काही जण क्लोरीन नाही म्हणून कुंडीत घालतात. त्यात क्लोरीन नसला तरी मूळ पाण्यातले क्षार दाट झालेले असतात. फरशी धुण्यास ते उत्तम, पण कुंडीला रोज घालू नये.

दोन इशारे

पहिला इशारा डासांचा. डेंग्यू पसरविणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून झाडांसाठी ठेवलेल्या बादलीवर पातळ सुती कापड ताणून बांधावे. त्यातून क्लोरीन उडतो, पण डास आत जात नाही. ते पाणी दुसऱ्या दिवशी वापरून संपवावे आणि आठवड्यातून एकदा बादली, पिंप, कुंडीखालची ताटली घासून कोरडी करावी.

दुसरा इशारा त्याहून मोठा. हे सारे उपाय झाडांच्या पाण्यासाठी आहेत, पिण्याच्या पाण्यासाठी नाहीत. क्लोरीन उडालेल्या पाण्यात कुणाचा घाणेरडा हात बुडला तर त्याचा बंदोबस्त करणारे काही उरत नाही. पिण्याचे पाणी झाकून ठेवावे आणि ओगराळ्यानेच घ्यावे.

टाकीत पावडर टाकू नका, असे यापुढे कुणी म्हणाले तर त्याला समजावून सांगावे. उलट नळाच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे की नाही, याची तपासणी ग्रामपंचायतीकडून, नगरपालिकेकडून नियमित करून घ्यावी. तो आपला हक्क आहे. झाडाचे पाणी आपण एक दिवस आधी भरून ठेवू शकतो. पण साथ आल्यावर गेलेले लेकरू परत आणता येत नाही.