डब्यात काय वाजतंय?

भाद्रपदाच्या पौर्णिमेला आमच्याकडे भुलाबाई बसते आणि कोजागिरीपर्यंत गल्लीतल्या पोरी संध्याकाळी घरोघरी फिरतात. मातीचे भुलोजी-भुलाबाई, मागे ज्वारीच्या धांड्यांचं माखर, टिपऱ्या, गाणी, आणि शेवटी खाऊ. मोताळा तालुक्यातल्या एका अंगणवाडीत मी लहान मुलांना शिकवते. माझ्या लेखी या सगळ्यात मोलाचा आहे तो खाऊ ओळखण्याचा खेळ.

झाकलेला डबा कानाशी हलवायचा आणि पोरांनी विचारत सुटायचं. फुटाणे खडखडतात, मुरमुरे सळसळतात, लाडू धप्पकन आपटतो. तीन वर्षांचं मूल नुसती नावं घेतं: चिवडा? पेढा? पाच वर्षांचं मूल मात्र आधी विचारतं, गोड की तिखट? तळलेलं की भाजलेलं? एका प्रश्नात निम्मे पदार्थ बाद होतात, हे त्याला उमगलेलं असतं. एकदा चार वर्षांची मुलगी डबा हलवून म्हणाली, “बाई, वाजूनच नाई राह्यलं, म्हंजे शिरा हाये!” आवाज नसणं हाही पुरावा असतो, हे तिचं तिनंच शोधलं. हा खेळ मी आता वर्षभर घेते. डब्यात कधी चिंचोके, कधी खडे, कधी कापूस.

आजूबाजूच्या वस्तूंनी शिकवायची ही वाट ताराबाई मोडकांनी घालून दिली. 1945 साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ सोबत होत्या. मॉन्टेसरीची विकत घ्यायची साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून दगड, पानं, बिया, शिंपले हीच साधनं झाली आणि शाळा मुलांच्या अंगणात गेली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांना आपण अंगणवाडी म्हणतो ते उगाच नाही.

आश्विनात आमच्या भागात साधनांना तोटा नसतो. दसऱ्याला आपट्याची पानं येतात. पान मधल्या शिरेवर दुमडलं की दोन्ही भाग एकमेकांवर बसतात. मुलांना ते पुन्हा पुन्हा करून बघायचं असतं, करू द्यावं. बाजारात आपटा म्हणून कांचनाची पानंही विकतात, दोन्ही शेजारी ठेवून फरक विचारावा. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद असतं. झेंडूच्या तोरणात एक फूल, दोन आंब्याची पानं, पुन्हा एक फूल असा क्रम मुलांना ठरवू द्यावा. सुई मात्र जाड आणि बोथट हवी.

धांड्याची बैलगाडी ही माझी सगळ्यात आवडती. वाळलेल्या धांड्याचं पेर सोलायचं, आतला मऊ गाभा कापून चाकं नि बैल करायचे आणि सालीच्या कामट्या त्यात टोचून सगळं जोडायचं. सालीची धार बोट कापते, म्हणून सोलणं मोठ्यांनीच करावं. टोचणं मुलांचं. पेन्सिल धरायच्या आधी बोटांना जी ताकद लागते ती इथे येते. हल्ली जिकडे तिकडे सोयाबीन, त्यामुळे धांडे मागायला लांबच्या शेतावर जावं लागतं. मी जाते.

बियांबाबत एक कळकळीचं सांगणं. मोजायला चिंचोके उत्तम, पण तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नका; नाकात जातात, घशात अडकतात. या दिवसांत घरोघरी सीताफळं असतात, पण त्यांच्या बिया फोडू किंवा कुटू देऊ नका, ती पूड डोळ्यात गेली तर फार इजा होते. लाल-काळी गुंज दिसायला देखणी, पण विषारी. ती खेळात नकोच. पाच-सहा वर्षांच्यांना चिंचोके फरशीवर घासून एक बाजू पांढरी करून द्या. चार चिंचोके उधळायचे आणि जितके पांढरे वर, तितकी घरं पुढे. पट खडूने अंगणातच आखता येतो.