ब्लेडने कापलेली पाने

१९८२ सालची गोष्ट. मी अर्थशास्त्रात एम. ए. करीत होतो आणि निबंधाला विषय घेतला होता ग्रामीण कर्जाचा. सरांनी बजावले, ‘अमित भादुरींचा लेख वाचल्याशिवाय एक ओळ लिहू नकोस.’ हा लेख इंग्लंडहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक जर्नल’च्या मार्च १९७३ च्या अंकात होता. विद्यापीठाच्या ग्रंथालयात कार्डे चाळून क्रमांक काढला, चिठ्ठी दिली. शिपायाने जाडजूड बांधीव खंड टेबलावर आणून ठेवला. उघडून पाहतो तो नेमकी तीच पाने कुणीतरी ब्लेडने कापून नेलेली! शिवणीपाशी कागदाची अरुंद पट्टी तेवढी उरली होती. निबंध मी इतरांच्या पुस्तकांतील उल्लेखांवर भागवला, पास झालो आणि बँकेत लागलो.

पुढे एका खेड्यातल्या शाखेत मी पीककर्जाचे टेबल सांभाळत असे. वाट्याने जमीन कसणारा एक शेतकरी दोनतीनदा आला. सुधारित बियाण्यासाठी त्याला कर्ज हवे होते. अर्ज पुढे केला की म्हणायचा, ‘मालकांना इचारून येतो, साहेब.’ एकदा गेला तो परत आलाच नाही. कागदपत्रांना भ्याला असेल, असे म्हणून मी ती गोष्ट सोडून दिली.

निवृत्तीनंतर हौसेने पुन्हा एम. ए.ला, या वेळी इतिहासाला, नाव घातले. जुन्या सवयीने ग्रंथालयात खंड मागू लागलो, तेव्हा वर्गातली एक मुलगी हसून म्हणाली, ‘काका, कशाला हेलपाटे घालता? हे घरी बसून उघडतं की!’ तिने मला विद्यापीठाच्या नावाने आत शिरायला शिकवले. त्या दाराआड ‘जेस्टोर’ होते.

या जेस्टोरचा जन्म ग्रंथालयांच्या अडचणीतून झाला. जुन्या नियतकालिकांचे खंड ठेवायला कपाटे पुरेनात. अमेरिकेतील मेलन फाउंडेशनचे अध्यक्ष विल्यम बोवेन यांना वाटले, नव्या इमारती बांधण्यापेक्षा पानांच्या प्रतिमा संगणकात ठेवाव्यात. इतिहास आणि अर्थशास्त्राची अवघी १० नियतकालिके घेऊन सुरुवात झाली आणि १९९५ मध्ये स्वतंत्र संस्था उभी राहिली. पान दिसते ते छापल्याबरहुकूम, पण त्यातली अक्षरे यंत्राने ओळखलेली असल्यामुळे हवा तो शब्द क्षणात सापडतो.

पहिल्या रात्री मी भादुरींचे नाव टाइप केले. पृष्ठ १२० ते १३७. एकही पान गायब नव्हते!

पश्चिम बंगालच्या खेड्यांविषयीचा तो लेख मी एका बैठकीत वाचला. जमिनीचा मालकच कुळाला कर्ज देतो. पीक वाढले तर कुळाचे कर्ज फिटेल आणि मालकाचे व्याज बुडेल. म्हणून मालकाला सुधारणा नकोशी असते, असे त्यातले म्हणणे. वाचता वाचता ‘मालकांना इचारून येतो’ हे शब्द कानांत घुमले. चाळीस वर्षांपूर्वी ही पाने हाती आली असती, तर निदान त्या माणसाला आणखी दोन प्रश्न मी विचारले असते.

गंमत अशी की, लेखाच्या पाठोपाठ त्यावरचे आक्षेपही सापडले. अशोक रुद्र यांनी १९७४ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’तून आणि टी. एन. श्रीनिवासन यांनी १९७९ मध्ये खुद्द ‘इकॉनॉमिक जर्नल’मधूनच भादुरींशी वाद घातला होता. सरांनी सांगितलेला लेख म्हणजे अखेरचा शब्द, असे मी धरून चाललो होतो. तो एका लांबलेल्या भांडणातला पहिला शब्द होता.

निकाल लागला आणि माझा पासवर्ड बंद झाला. इथे मनाला टोचते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी तीत ६ हजार कोटी रुपये आहेत आणि सरकारी संस्थांतील सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधकांना हजारो नियतकालिके खुली करण्याचा हेतू आहे. पाऊल मोठेच आहे. पण पीककर्जाच्या टेबलावर बसलेला तरुण अधिकारी, तालुक्याच्या गावचा वकील, शाळामास्तर हे सारे त्या यादीबाहेरच. जेस्टोरने २०११ मध्ये अमेरिकेतले १९२३ पूर्वीचे आणि इतरत्रचे १८७० पूर्वीचे लेख सर्वांना मोफत केले; तो एक झरोका उघडा आहे.

तुमच्या घरात कुणी कॉलेजात शिकत असेल, तर आज जेवताना एवढेच विचारा, ‘ग्रंथपालांकडून पासवर्ड घेतलास का?’ पुष्कळ मुलांना आपल्या नावाचे दार आहे हेच ठाऊक नसते. पदवी मिळाली की ते लागते. त्याआधी जे वाचून होईल, ते पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडेल. माझ्याकडून ते व्हायला चाळीस वर्षे उशीर झाला, आणि ज्याच्यासाठी व्हायला हवे होते तो केव्हाच निघून गेला होता.