उत्प्रेरकी परिवर्तक, मोटारगाडीतील

अंतर्ज्वलन-एंजिनातून बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूंतील विषारी घटकांचे उत्प्रेरकाच्या साहाय्याने कमी अपायकारक वायूंत रूपांतर करणारे उपकरण. ते एंजिन व सायलेन्सर यांच्या दरम्यान निष्कास नळीत बसविलेले असते. त्यात एकही फिरता भाग नसतो. एंजिन सुस्थितीत असेल व इंधन शुद्ध असेल, तर ते पुष्कळदा मोटारगाडीच्या आयुष्याइतके टिकते. मात्र एकदा निकामी झाल्यावर ते दुरुस्त करता येत नाही, बदलावेच लागते. प्रस्तुत नोंदीत या उपकरणाचा इतिहास, रचना व कार्य, ते निकामी होण्याची कारणे आणि सामान्य हत्यारांच्या साहाय्याने ते घरी बदलण्याची रीत यांची माहिती दिली आहे.

इतिहास : अमेरिकेतील लॉस अँजेलिस शहरावर १९४० नंतरच्या दशकात वारंवार धूरके पसरू लागले. मोटारगाड्यांच्या निष्कास वायूंतील हायड्रोकार्बने व नायट्रोजनाची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते निर्माण होते, असे आरी यान हागेन-स्मिट (१९००–७७) या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. खनिज तेलाच्या उत्प्रेरकी भंजनाबद्दल प्रसिद्ध असलेले फ्रेंच अभियंते यूजीन हूड्री (१८९२–१९६२) यांनी निष्कास वायूंसाठी परिवर्तक तयार करून १९५६ मध्ये त्याचे अमेरिकन एकस्व मिळविले. तथापि त्या काळी पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग मिसळीत व शिशाच्या थराने उत्प्रेरक लवकर निष्क्रिय होत असे. त्यामुळे त्याचा प्रसार झाला नाही. अमेरिकेत १९७० मध्ये शुद्ध हवेसंबंधीचा कडक कायदा झाल्यावर १९७५ च्या नमुन्यांपासून बहुतेक मोटारगाड्यांना परिवर्तक बसविण्यात आले. तीनही प्रमुख प्रदूषकांवर क्रिया करणारा त्रिमार्गी परिवर्तक ऑक्सिजन संवेदकासह १९७७ च्या नमुन्याच्या व्होल्व्हो गाड्यांत प्रथम वापरात आला.

भारतात १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारगाड्यांना परिवर्तक सक्तीचा करण्यात आला आणि त्याबरोबरच तेथे शिसेविरहित पेट्रोलची विक्री सुरू झाली. उर्वरित देशात मात्र शिसेयुक्त पेट्रोल आणखी काही वर्षे मिळत राहिले. महानगरात घेतलेली गाडी अशा भागात नेऊन तेथील पेट्रोल टाकीत भरले, की तिचा परिवर्तक निकामी होई. ही विसंगती १ फेब्रुवारी २००० पासून सर्व देशात शिसेविरहित पेट्रोल आल्यावर संपली. यापुढे भारत टप्पा या नावाने ओळखली जाणारी मानके क्रमाने कडक होत गेली. टप्पा-४ एप्रिल २०१७ पासून व टप्पा-६ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाला. टप्पा-६ मुळे मोटारसायकलींच्या सायलेन्सरातही परिवर्तक असणे ही सर्वसाधारण गोष्ट झाली आहे.

रचना व कार्य : परिवर्तकाचे बाह्य आवेष्टन अगंज पोलादाचे असते. त्यात कॉर्डिएराइट या मृत्तिका पदार्थाची, मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे असंख्य सरळ छिद्रे असलेली वीट बसविलेली असते. दर चौ. सेंमी.ला सु. ६० छिद्रे हे नेहमीचे प्रमाण होय. छिद्रांच्या भिंतींवर ॲल्युमिनियम ऑक्साइडाचा खडबडीत लेप असतो आणि या लेपावर प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. लेपामुळे पृष्ठाचे क्षेत्रफळ अनेक पटींनी वाढते व केवळ काही ग्रॅम धातूंत काम भागते. वीट व आवेष्टन यांच्यामध्ये तंतुमय गादी असते. उष्णतेने ती फुगते आणि विटेला घट्ट धरून ठेवते.

प्लॅटिनम व पॅलॅडियम यांच्या पृष्ठावर कार्बन मोनॉक्साइडाचे ऑक्सिडीकरण होऊन कार्बन डाय-ऑक्साइड आणि न जळलेल्या हायड्रोकार्बनांपासून कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी तयार होते. ऱ्होडियमाच्या पृष्ठावर नायट्रोजनाच्या ऑक्साइडांचे क्षपण होऊन नायट्रोजन मुक्त होतो [⟶ उत्प्रेरण]. पहिल्या दोन विक्रियांना ऑक्सिजन लागतो, तर तिसरीला तो नको असतो. या परस्परविरोधी गरजा हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ : १ च्या अगदी जवळ राखले तरच एकाच वेळी भागतात. म्हणून परिवर्तकाच्या अगोदर एक ऑक्सिजन संवेदक बसवितात व त्याच्या संकेतानुसार इलेक्ट्रॉनीय नियंत्रक इंधनाचे प्रमाण सतत बदलीत राहतो. परिवर्तकानंतरचा दुसरा संवेदक परिवर्तकाच्या कार्यक्षमतेवर लक्ष ठेवतो. विक्रिया सु. २५०° ते ३००° से. तापमानापासून जोमाने सुरू होतात. त्यामुळे गाडी थंड असताना पहिली एकदोन मिनिटे प्रदूषण सर्वाधिक असते. तापलेला सुस्थितीतील परिवर्तक प्रदूषकांचा ९० टक्क्यांहून अधिक भाग नष्ट करतो.

निकामी होण्याची कारणे : परिवर्तक क्वचितच आपणहून बिघडतो. बहुधा दुसऱ्या एखाद्या बिघाडाचा तो बळी असतो. (१) ठिणगी-गुडदी म्हणजे स्पार्क प्लग वा तिचे वेटोळे बिघडल्यास न जळलेले पेट्रोल परिवर्तकात जाऊन तेथे पेटते. तापमान १,०००° से.च्या वर गेल्यास धातूचे कण एकत्र येऊन क्रियाशील पृष्ठ घटते. त्याहूनही वाढल्यास वीट वितळून छिद्रे बुजतात. (२) दट्ट्याची कडी झिजून वंगण तेल जळू लागल्यास त्यातील फॉस्फरस व जस्त यांचा थर उत्प्रेरकावर बसतो. शीतक द्रव गळून सिलिंडरात गेल्यास असाच परिणाम होतो. (३) भेसळयुक्त इंधन व गंधक हेही उत्प्रेरकाला मारक असतात. (४) दगडाचा तडाखा बसल्याने किंवा तापलेली गाडी एकाएकी खोल पाण्यात घातल्याने वीट तडकते.

हे शेवटचे कारण ग्रामीण भागात विशेष महत्त्वाचे आहे. हिंगोली–नांदेड मार्गावरील आखाडा बाळापूर या कळमनुरी तालुक्यातील गावाचे उदाहरण घेता येईल. अशा गावी मोटारगाडी डांबरी रस्त्यावरून उतरून शेताच्या गाडीवाटेने जाते, पावसाळ्यात ओढ्यावरच्या फरशीवरून वाहणाऱ्या पाण्यातून जाते आणि सुगीच्या दिवसांत खळ्याजवळ उभी राहते. गाडीखालचा परिवर्तक व त्याची उष्णतारोधक पत्रा-ढाल यांच्या तापमानाने सोयाबीनचा भुसा, उसाचे पाचट किंवा वाळलेले गवत पेटू शकते. म्हणून तापलेली गाडी अशा जागी उभी करू नये. ढालीचा पत्रा गंजून खडखडू लागला, तर तो काढून टाकण्याऐवजी नवा बसवावा.

परीक्षा : चढावर जोर न लागणे, कुजक्या अंड्यासारखा वास येणे, खालून खडखड ऐकू येणे व दर्शक फलकावर एंजिनाचा दिवा लागणे ही बिघाडाची लक्षणे होत. निदान-यंत्र जोडल्यास कार्यक्षमता घटल्याचा पी ०४२० हा संकेतांक मिळतो. परंतु बिघडलेला संवेदक किंवा नळीची गळती यांमुळेही तोच संकेतांक उमटू शकतो. त्यामुळे केवळ त्यावरून नवा परिवर्तक विकत घेणे चुकीचे ठरते. थंड परिवर्तकावर रबरी हातोडीने हलके ठोकल्यास तुटलेल्या विटेचा आवाज येतो. छिद्रे बुजली आहेत की नाही हे पुढील संवेदकाच्या जागी दाबमापक बसवून पाहतात. मिनिटास २,५०० फेऱ्यांच्या वेगाला पश्चदाब सु. २० किलोपास्कलपेक्षा पुष्कळ अधिक आढळल्यास नळी अथवा परिवर्तक तुंबला आहे असे समजतात. मूळ बिघाड शोधून तो आधी दुरुस्त करणे अत्यावश्यक असते. एरवी नवा परिवर्तकही थोड्याच दिवसांत जुन्याच्या वाटेने जातो.

बदलण्याची रीत : जो परिवर्तक दोन्ही टोकांना कडा व बोल्ट यांनी जोडलेला असतो, तोच घरी बदलणे सोयीचे असते. अनेक नव्या लहान गाड्यांत तो एंजिनालगत निष्कास बहुनळीशी एकसंध असतो, तर काहींत वितळजोडाने जोडलेला असतो. अशा वेळी काम कुशल कारागिराकडे द्यावे.

गाडी सपाट व टणक जमिनीवर उभी करून किमान काही तास थंड होऊ द्यावी. चाकांना अडण लावावी व विद्युत् घटमालेचे ऋण टोक सोडवावे. गाडी जॅकने उचलल्यावर ती पोलादी घोड्यांवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या किंवा विटा-दगडांच्या आधारावर गाडीखाली शिरणे प्राणघातक ठरू शकते. डोळ्यांना चष्मा व हातांत जाड मोजे असावेत. गंजाचे कण वरून डोळ्यांत पडतात, तर फुटलेल्या परिवर्तकातील धूळ व तंतू श्वासावाटे आत जाणे अपायकारक असते. त्यासाठी नाकातोंडावर धूळरोधक मुखपट्टीही हवी.

बोल्टांवर गंज सोडविणारे तेल आदल्या दिवशी व कामापूर्वी पुन्हा सोडावे. प्रथम संवेदकांच्या तारांचे जोड सोडवावेत आणि तारेसाठी खाच असलेल्या खास पान्याने संवेदक काढावेत. तार पिळू देऊ नये. नंतर परिवर्तकाला खालून आधार देऊन मागील व पुढील कडांचे बोल्ट काढावेत व रबरी टांगण्यांतून तो सोडवावा. नवा परिवर्तक जुन्याशेजारी ठेवून लांबी, कडांची छिद्रे व संवेदकांच्या जागा जुळतात याची खात्री करावी. त्यावरील बाण निष्कास वायूच्या प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे एंजिनाकडून मागे, असला पाहिजे. जुनी गळतीरोधक चकती पुन्हा वापरू नये. बोल्टही नवे घ्यावेत. सर्व बोल्ट आधी सैल बसवून नळी सरळ जुळवावी व मग पुढून मागे आलटूनपालटून आवळावेत. आवळण्याचे परिबल गाडीच्या पुस्तिकेनुसार ठेवावे. संवेदकाच्या आट्यांना लावण्याचे वंगण त्याच्या टोकाला लागू देऊ नये. शेवटी ढाल बसवून तारा व इंधननळ्या तापणाऱ्या भागापासून दूर आहेत हे पाहावे.

घटमाला जोडून एंजिन मोकळ्या हवेत सुरू करावे. सुरुवातीला जोडांवरील तेल जळून थोडा धूर येतो, तो काही मिनिटांत थांबतो. जोड तापण्यापूर्वी साबणाचे पाणी लावल्यास गळती बुडबुड्यांवरून कळते. पुढील संवेदकाच्या अलीकडे गळती राहिल्यास बाहेरची हवा आत शिरून संवेदक चुकीचे संकेत देतो. बंद खोलीत किंवा पत्र्याच्या शेडचे दार लावून एंजिन कधीही चालवू नये. कार्बन मोनॉक्साइडाला रंग व वास नसतो आणि रक्तातील हीमोग्लोबिनाशी तो ऑक्सिजनापेक्षा दोनशेहून अधिक पट आसक्तीने संयोग पावतो. जुना संकेतांक पुसल्यानंतर काही दिवस गाडी चालवून तो परत येत नाही याची खात्री करावी.

साधी नळी व कायदा : नव्या परिवर्तकाची किंमत मोठी असल्याने तो काढून त्या जागी साधी नळी बसविण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. नळीने गाडीचा जोर वाढतो हा समज तुंबलेल्या परिवर्तकाशी तुलना केल्यामुळे रूढ झाला आहे. सुस्थितीतील परिवर्तकाने होणारी शक्तीची हानी अल्प असते. या बदलाने निष्कासातील विषारी वायूंचे प्रमाण अनेक पटींनी वाढते आणि ते प्रथम श्वासात घेणारे गाडीवाल्याचे कुटुंब व शेजारीच असतात. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्मात्याने दिलेल्या तपशिलात मनमानी फेरफार करता येत नाही. कलम १९०(२) नुसार वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास २०१९ च्या सुधारणेपासून दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची व कारावासाचीही तरतूद आहे. टप्पा-४ पासूनच्या पेट्रोल मोटारगाडीच्या मंदगती परीक्षेत कार्बन मोनॉक्साइडाची मर्यादा ०.३ टक्के आहे. परिवर्तकाशिवाय ती पाळणे कठीण असते.

विल्हेवाट : जुन्या परिवर्तकातील धातू मौल्यवान असल्यामुळे त्यांच्या चोऱ्या होतात व भंगार बाजारात त्यांना किंमत येते. तो घरी फोडू नये. आतील धूळ अपायकारक असते व धातू वेगळे काढण्यास भट्टी आणि तीव्र अम्ले लागतात. सुटे भाग विकणाऱ्याला बदल्यात देणे किंवा अधिकृत पुनःप्रक्रिया करणाऱ्याकडे पोहोचविणे योग्य होय. अशा रीतीने परत मिळविलेले प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम पुन्हा नव्या परिवर्तकांत वापरता येतात आणि तेवढ्या प्रमाणात खाणीतून काढाव्या लागणाऱ्या या दुर्मिळ धातूंची बचत होते.