रिपोर्टवर ‘इनडिटरमिनेट’ आले, म्हणजे टीबी आहे की नाही?

घरात एखाद्याला फुफ्फुसाचा टीबी निघाला की बाकीच्यांचीही तपासणी होते. त्यात काहींना ‘इग्रा’ ही रक्ततपासणी सांगतात. टीबीचे जंतू अंगात शिरून निपचित पडले आहेत का, याचा अंदाज तिच्यावरून येतो. अशा माणसाला खोकला-ताप नसतो आणि त्याच्यापासून दुसऱ्याला लागणही होत नाही. मात्र अशा शंभरातल्या पाच ते दहा जणांना पुढे कधी तरी आजार होतो. पहिल्या दोन वर्षांत हा धोका सर्वांत जास्त.

रिपोर्ट पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह आला तर निदान काही कळते. ‘इनडिटरमिनेट’ वाचून मात्र घरचे घाबरतात, नाही तर “काही निघाले नाही” म्हणून कागद पत्र्याच्या पेटीत टाकतात. दोन्ही चूक. या शब्दाचा अर्थ एवढाच, की तपासणीला उत्तर देता आले नाही.

असे का होते? या तपासणीच्या क्वांटिफेरॉन नावाच्या प्रकारात रक्त चार नळ्यांत घेतात. एकीत काहीच नसते, दोन नळ्यांत टीबीच्या जंतूंची प्रथिने असतात. चौथीत असा पदार्थ असतो, की रक्तातल्या पांढऱ्या पेशींनी त्याला ओ द्यायलाच हवी. टीबीच्या नळ्यांत काही दिसले नाही आणि चौथ्या नळीतही पेशी गप्प राहिल्या, तर त्या गप्प राहण्याला अर्थ उरत नाही. एचआयव्ही, स्टेरॉइड किंवा कॅन्सरची औषधे यांनी प्रतिकारशक्ती कमी झाली असेल तर असे होते. कधी दोष माणसाचा नसतोच: नळ्या नीट हलवल्या नाहीत किंवा नमुना लॅबला उशिरा पोचला. उलट, काहीच नसलेल्या नळीतच पेशी फार ओरडत असतील तरीही उत्तर मिळत नाही.

‘बॉर्डरलाइन’ची गोष्ट वेगळी. पॉझिटिव्हची रेषा 0.35 वर आहे. आकडा 0.30 किंवा 0.40 असेल तर त्याच माणसाची तपासणी पुन्हा केल्यावर तो रेषेच्या पलीकडे जाऊ शकतो. म्हणून नुसता शब्द ऐकून येऊ नका, आकडा विचारा.

आता करायचे काय? दोन आठवड्यांचा खोकला, ताप, रात्रीचा घाम किंवा वजन घटणे असेल तर इग्राचा नाद सोडा आणि आधी बेडका व एक्स-रे तपासा. आजार सुरू झाला आहे का, हे इग्रा सांगूच शकत नाही. तसे काही नसेल तर डॉक्टरांना विचारून पुन्हा रक्त द्या. दुसऱ्यांदाही तेच आले तर रुग्णाशी किती सहवास होता, एक्स-रे कसा आहे, अंगात ताकद किती, यावरून डॉक्टर ठरवतील.

घरात पाच वर्षांखालचे मूल किंवा एचआयव्ही असलेली व्यक्ती असेल तर या रिपोर्टसाठी थांबायचे नाही. आजार नाही याची खात्री झाली, की त्यांना प्रतिबंधक औषध तपासणीशिवाय द्यावे, असे सरकारी मार्गदर्शन आहे. सरकारी दवाखान्यात हे औषध फुकट मिळते. आशाताईंना विचारा.

आणि या रिपोर्टवरून कुणाचे ताट-पेला वेगळे करू नका. टीबी हवेतून पसरतो, भांड्यातून नाही. पुन्हा रक्त द्यायला जाताना पहिला रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या.