कॉपीचा आरोप, शिक्षा आणि दाद

फेब्रुवारी-मार्चात बोर्डाच्या परीक्षा सुरू झाल्या, की भरारी पथकांनी पकडलेल्या कॉपीबहाद्दरांचे आकडे वृत्तपत्रांतून झळकू लागतात, आणि त्या आकड्यांत ज्यांचे मूल मोजले गेलेले असते अशा घरांवर एकाएकी अवकळा पसरते. अशा प्रसंगी कोणी पालक केंद्रसंचालकांपुढे हात जोडून "पोराचं वर्ष तेवढं वाचवा" अशी गयावया करतो, तर कोणी शाळेची अब्रू चव्हाट्यावर मांडण्याची धमकी देतो; परंतु शिक्षा ही सर्वस्वी अधिकाऱ्याच्या मर्जीची बाब आहे, ही समजूत दोघांच्याही मनात सारखीच दृढ असते. वस्तुतः आरोपाची नोटीस कोणत्या शब्दांत आली, मुलाचा जबाब कोणी व कसा घेतला, त्याच्यापुढे पुरावा ठेवला की नाही आणि शिक्षा नियमाला धरून आहे की नाही, या चार गोष्टींवर त्याचे पुढचे वर्ष अवलंबून असते. आणि नेमक्या याच गोष्टींकडे त्या गोंधळात कोणाचे लक्ष नसते, याचे मला फार वाईट वाटते.

"परीक्षामंडळाचा हुकूम म्हणजे अखेरचा शब्द, तेथे विचारणारे आपण कोण?" हा गैरसमज सर्वांत जुना आणि सर्वांत घातक आहे. उत्तर प्रदेशातील इंटरमीजिएट परीक्षेत 1954 साली उत्तीर्ण झालेल्या तीन विद्यार्थ्यांचा निकाल, ते पुढील शिक्षणास लागलेही असताना, त्याच वर्षाच्या डिसेंबरात रद्द करण्यात आला आणि 1955 च्या परीक्षेस बसण्याचीही त्यांना मनाई झाली. तत्पूर्वी त्यांना नोटीस नाही, खुलासा मागितलेला नाही, की दोन शब्द बोलण्याची संधी नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा परीक्षार्थ्याचे म्हणणे ऐकून घ्यावे असे आमच्या कायद्यात कोठेही लिहिलेले नाही, असा बोर्डाचा बचाव होता. 1962 साली न्यायालयाने तो अमान्य केला. ज्या निर्णयाने एखाद्या तरुणाच्या आयुष्याची वाटच बंद होऊ शकते, तो देणारी समिती न्यायसदृश काम करीत असते, आणि कायदा मौन पाळत असला तरी दुसरी बाजू ऐकून घेण्याचे नैसर्गिक न्यायाचे बंधन तिच्यावर असतेच, हे तत्त्व तेव्हापासून या देशात स्थिर झालेले आहे.

परंतु एवढे कळले, की काही पालक दुसऱ्या टोकाला जातात. मग साक्षीदारांची उलटतपासणी हवी, वकील हवा, आणि गुन्हा निःसंशय शाबीत झाला नाही तर मुलगा सुटलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह सुरू होतो. येथे त्याच 1962 सालचा आणखी एक निर्णय ध्यानी घेतला पाहिजे, आणि तो लिहिणारे न्यायमूर्ती होते पुढे सरन्यायाधीश व मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झालेले आपल्या सातारचे प्र. बा. गजेंद्रगडकर. परीक्षार्थ्याला प्रत्यक्ष नक्कल करताना कोणी पाहिले नव्हते. परंतु त्याच्या व दुसऱ्या एका परीक्षार्थ्याच्या हिंदीच्या उत्तरपत्रिकांत चुकासुद्धा हुबेहूब सारख्या होत्या. बरोबर उत्तरे सारखी येणे स्वाभाविक आहे, चुकीची उत्तरे सारखी येणे स्वाभाविक नाही. हा परिस्थितिजन्य पुरावा समितीला पुरेसा वाटला असेल, आणि मुलाला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळालेली असेल, तर न्यायालयाने अपिलात बसल्याप्रमाणे त्या पुराव्याचे पुन्हा वजन करू नये, असे त्यांनी बजावले. मार्च 1990 च्या मुंबईच्या शालान्त परीक्षेत 283 परीक्षार्थ्यांच्या गुणांमध्ये फेरफार झाल्याचे उघडकीस आले, त्या खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली हेच सूत्र पुढे नेले: फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा येथे लागत नाही, उभय शक्यतांपैकी अधिक संभवनीय कोणती एवढे पाहिले जाते. वकील नेण्याचा हक्क अशा अंतर्गत चौकशीत सामान्यतः नसतो. विभागीय मंडळापुढील सुनावणीस आई किंवा वडील सोबत असणे मला अधिक मोलाचे वाटते.

चिठ्ठी खिशात होती पण उघडली नाही, हा बचाव मुले मोठ्या विश्वासाने करतात. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नव्वदीच्या दशकाच्या प्रारंभी स्पष्ट केले, की परीक्षेच्या दालनात आक्षेपार्ह कागद जवळ बाळगणे हाच नियमानुसार गैरप्रकार असेल, तर तो वापरला की नाही हा प्रश्न उरत नाही. तेव्हा आरोप बाळगण्याचा आहे की नकलेचा, हे आधी नोटिशीत वाचावे, आणि मग खुलासा लिहावा.

खरी गफलत होते ती जबाबाच्या वेळी. पंधरा वर्षांचे मूल, समोर तीन-चार मोठी माणसे, टेबलावर जप्त केलेला चिटोरा, आणि कोणीतरी संथपणे मजकूर सांगू लागते: "मी आज इंग्रजीच्या पेपरला कॉपी करताना आढळलो, माझी चूक मला मान्य आहे, यापुढे असे करणार नाही." मूल ते आपल्या हस्ताक्षरात उतरवून खाली सही करते, कारण लिहून दिले की सुटका होईल असे त्याला वाटते, आणि घरी आल्यावर काय लिहून दिले हे त्याला धड सांगताही येत नाही. असा कागद एकदा झाला की सारे संपले, असे पालक समजतात. ते तितकेसे खरे नाही, पण तो हलका कागदही नव्हे. मजकूर दुसऱ्याने सांगितला असेल, दडपण आले असेल, तर ते त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, केंद्रसंचालकांकडे व विभागीय मंडळाकडे लेखी कळवून पोचेची सही घ्यावी. महिन्याने सुचलेली तक्रार पश्चात्बुद्धी ठरते, मग ती कितीही खरी असो. आणि मुलाने खरोखरच कॉपी केली असेल, तर त्याला खोटी कैफियत लिहायला लावू नये. तेव्हा वाद शिक्षेच्या प्रमाणाचा घालावा. मंडळाची शिक्षासूची असते, तीत कोणत्या गैरप्रकारास कोणती शिक्षा हे ठरलेले असते, आणि एका विषयाची संपादणूक रद्द करण्याजोग्या अपराधास पुढच्या परीक्षांची बंदी फर्मावली गेली असेल, तर तेथे दाद मागण्यास भक्कम आधार आहे. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली माहितीच्या अधिकाराखाली मान्य केलेला आहे. उत्तरे जुळल्याचा आरोप असेल, तर त्या हक्काचा उपयोग अवश्य करावा.

संपूर्ण केंद्राचीच परीक्षा रद्द झाली, तर मात्र प्रत्येकाला नोटीस मिळण्याची अपेक्षा करू नये. बिहारमधील शहाबाद जिल्ह्यातील हंसवाडीह केंद्राच्या 1969 च्या परीक्षेसंबंधी न्यायालयाने 1970 साली सांगितले, की तेथे कोणा एकावर ठपका ठेवलेला नसून परीक्षाच विश्वासार्ह राहिलेली नाही, आणि अशा वेळी एकेकाची सुनावणी आवश्यक नाही. प्रामाणिक मुलांवर यात अन्याय होतो हे मला मान्य आहे. परंतु त्यांच्या नावास कलंक लागत नाही, हा भेद घरच्यांनी त्यांना समजावून सांगावा.

2024 च्या केंद्रीय कायद्याचा धाकही हल्ली मुलांना घालण्यात येतो: कॉपी केलीस तर तुरुंग आणि एक कोटीचा दंड! तो कायदा लोकसेवा आयोग, रेल्वे, बँका, राष्ट्रीय परीक्षा संस्था यांच्या परीक्षांसाठी आहे, दहावी-बारावीच्या बोर्डासाठी नव्हे. आणि त्याचा रोख पेपर फोडणाऱ्या टोळ्यांवर आहे, परीक्षार्थ्यावर नाही. विद्यापीठे व बोर्डाच्या परीक्षांसाठी महाराष्ट्राचा 1982 चा स्वतंत्र अधिनियम आहे, आणि शाळेच्या घटक चाचणीचा त्याच्याशी संबंध नाही.

या घटक चाचण्या व सहामाही परीक्षांतच शाळांचा अतिरेक अधिक आढळतो. सातवीतील मुलाच्या कंपासपेटीत सूत्रांचा कागद सापडला, की पालकांना बोलावून "दाखला काढून न्या" असे तोंडी सांगितले जाते, आणि बाहेर बभ्रा नको म्हणून पालक मुकाट्याने अर्ज लिहून देतात. शिक्षणहक्क कायदा 2009 च्या कलम 16 प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत मागे ठेवण्याची मुभा मिळाली, तरी ही बंदी कायम आहे. कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळासही मनाई केलेली आहे, आणि प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर उभे करून "हा कॉपी करतो" असे सांगणे, हा माझ्या मते मानसिक छळच होय. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, असे न्यायालयाने 2014 साली ठरविले आहे, हे मात्र ध्यानात असावे. म्हणून दाखल्याचा अर्ज पालकांनी स्वतःहून कदापि लिहू नये, कारण तो लिहिला की शाळेने काढले असे कागदोपत्री उरतच नाही. शाळेकडे निर्णय लेखी मागावा, आणि तो मिळो वा न मिळो, जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे, मुंबईत शिक्षण निरीक्षकांकडे, अर्ज द्यावा व त्याची एक प्रत राज्य बालहक्क संरक्षण आयोगास पाठवावी. अर्जाचा निकाल लागेपर्यंत मुलाला रोज शाळेत पाठवावे, आणि फाटकाशी अडविले तर त्या दिवसाची तारीख व अडविणाऱ्याचे नाव वहीत टिपून ठेवावे.