सरकारी कचेरीतून शोधांच्या वाटेवर : शंकर आबाजी भिसे

मंडळी, आपल्या नोव्हायमध्ये चार मराठी घरं एकत्र जमली की त्यांत गाड्यांच्या कंपनीतला इंजिनियर हमखास निघतो. एखाद्याच्या नावावर पेटंटही असतं. पण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत येऊन पेटंटं मिळवणाऱ्या एका मराठी माणसाचं नाव आपल्या मुलांना ठाऊक आहे का?

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म मुंबईत, २९ एप्रिल १८६७ रोजी झाला. तरुणपणी ते अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरीला होते. इंग्रजी अमदानीत सरकारी नोकरी म्हणजे जन्माची ददात मिटली! भिसे मात्र दिवसा हिशेब लिहीत आणि उरलेल्या वेळात यंत्रांची खटपट करीत. शास्त्र सोपं करून सांगण्यासाठी त्यांनी ‘विविध कलाप्रकाश’ हे मराठी मासिकही काढलं. किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या त्यांच्या यंत्राला लंडनच्या एका स्पर्धेत बक्षीस मिळालं. अखेर नोकरी सोडून त्यांनी लंडन गाठलं.

तिथे दादाभाई नौरोजींनी त्यांना पाठबळ दिलं, पदरचे पैसेही घातले. छपाईचे खिळे झपाट्याने ओतणारं ‘भिसोटाइप’ हे त्यांचं मोठं काम. पण कबूल झालेलं भांडवल आलंच नाही आणि १९०७ साली गाशा गुंडाळून ते परत निघाले. बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले भेटले. त्यांनी सर रतन टाटांकडे शब्द टाकला, टाटांनी पैसा पुरवला आणि काम पुन्हा उभं राहिलं. तोही आधार सुटल्यावर भिसे न्यूयॉर्कला आले. इथे त्यांनी खिळ्यांच्या यंत्रावर काम चालू ठेवलं, आयोडीनचं एक औषधही तयार केलं. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्येच त्यांचं निधन झालं.

भिसोटाइपने जग काही जिंकलं नाही. पण प्रत्येक पडझडीनंतर कुणीतरी आपला माणूस भिशांच्या पाठीशी उभा राहिला, हे मला मोलाचं वाटतं.

आपल्यातला कुणी नोकरी सोडून स्वतःचं काही काढतो म्हणाला, की आपण आधी विचारतो, “ग्रीन कार्ड झालं का? इन्शुरन्सचं काय?” प्रश्न रास्तच आहेत. पण त्याच दमात आणखी एक विचारायला काय हरकत आहे? “आमची काही मदत होईल का?”